देवयानी आमच्या गच्चीवर

देवयानी आणि शर्मिष्ठा ही नावे ठाऊक नाहीत अशी मराठी बाई सापडणे कठीण. कुणी खांडेकरांची कादंबरी वाचलेली असते, कुणी नाटक पाहिलेले असते, तर कुणी लहानपणी आजीच्या मांडीवर ही गोष्ट ऐकलेली असते. शुक्राचार्यांची मानी लेक देवयानी, राजा वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा आणि दोघींच्या मध्ये सापडलेला ययाती! पण ही सगळी मंडळी दसरा-दिवाळीच्या दिवसांत रोज रात्री आपल्या डोक्यावर येऊन उभी राहतात, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

परदेशी नकाशात ज्यांना अँड्रोमेडा, कॅसिओपिया, पर्सियस आणि सिफियस म्हणतात, त्या तारकासमूहांना मराठीत देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वृषपर्वा अशी नावे रूढ झाली आहेत. म्हणजे एक अख्खे रुसलेले कुटुंबच वर नांदते आहे म्हणा ना! या देवयानीच्या कमरेपाशी एक पुसट, पांढुरका डाग आहे. काळोखी रात्र असली तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो ढग नव्हे आणि तारा तर नव्हेच नव्हे. ती एक आख्खी दीर्घिका आहे. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची, तशीच ही दुसरी. आपल्या आकाशगंगेच्या तोलाच्या दीर्घिकांमध्ये हीच आपल्याला सर्वांत जवळची. शेजारीण म्हटले तरी चालेल. पण या शेजारणीच्या घरचा उजेड आपल्या अंगणात पोचायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात. आज जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता.

या देवयानीचा फोटो आम्ही इथे निरवांगीत, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून काढला. कसा काढला, काय लागले आणि घरात काय काय बोलणी झाली, ते सारे तुम्हाला सांगावेसे वाटले म्हणून हा लेखनप्रपंच.

दुर्बीण घरात येते तेव्हा

मी तासिका तत्त्वावर शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांच्या मानधनातून थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे, त्यात भिशीची रक्कम आणि उसाच्या बिलातून ह्यांनी घातलेली भर, एवढ्यावर पुण्याच्या एका हौशी निरीक्षकाकडून त्यांची वापरलेली दुर्बीण आणि तिची फिरती बैठक आम्ही घेतली. दोन्हींना मिळून सोन्याच्या एका तोळ्याहून कमी पैसे पडले. तरी जाऊबाई म्हणाल्याच, "एवढ्यात पोरीच्या कानातलं झालं असतं गं!"

दुर्बिणी मुख्यत्वे दोन तऱ्हेच्या. एक आरशाची, दुसरी भिंगाची. आमची भिंगाची. पुढच्या तोंडाशी ८० मिलिमीटर रुंदीचे भिंग, म्हणजे साधारण चहाच्या बशीच्या आतल्या खळग्याएवढे, आणि हातभर लांबीची नळी. भिंगाच्या दुर्बिणीला घरातल्या बाईच्या दृष्टीने एक मोठी सोय असते. आरशासारखी ती वरचेवर जुळवावी लागत नाही. पेटीतून काढली, बैठकीवर चढवली की कामाला तयार. मात्र स्वस्तातल्या साध्या भिंगातून ठळक ताऱ्यांना निळी-जांभळी किनार दिसते. निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच जागी जुळत नाहीत, म्हणून असे होते. फोटो काढायचे मनात असेल तर ही किनार कमी करणारे खास काचेचे भिंग घ्यावे. मोठ्या आकड्याची 'इतके पट मोठे दाखवते' ही जाहिरात पाहून मात्र भुलू नका. देवयानीला मोठे करून पाहण्याची गरजच नसते. ती आकाशात मुळातच सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी लांब पसरलेली आहे! अडचण तिच्या आकाराची नाही, ती फार अंधुक आहे ही खरी अडचण.

आधी डोळ्यांनी शोधा

दुर्बीण नसली तरी हे करता येईल. दिवाळीच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास गच्चीवर जा. अगदी डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. हीच आपली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रे. पंचांगात नाव वाचतो ना, तीच. या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला तारा धरा. तिथून ईशान्येकडे ताऱ्यांची एक ओळ निघते, ती देवयानी. कोपऱ्यातला तारा सोडून त्याच्याएवढाच ठळक असा पुढचा तारा गाठा. आता उत्तरेकडे पाहा. इंग्रजी 'एम' अक्षरासारखी पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा दिसेल. त्या ठळक ताऱ्यापासून शर्मिष्ठेच्या दिशेने वळले की दोन मंद तारे पायरीपायरीने लागतात. दुसऱ्या पायरीशेजारी तो पुसट डाग असतो. एकदम टक लावून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. डोळ्याच्या कडेला अंधारात जास्त दिसते. अंधाराची सवय व्हायला वीसएक मिनिटे लागतात, तोवर मोबाईल उघडायचा नाही बरं का!

बॅटरी हवीच असेल तर तिच्या काचेवर आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधा. तांबड्या उजेडाने डोळ्यांची ही सवय फारशी मोडत नाही. आणि गच्चीवर जाण्याआधी पायऱ्या नीट झाडून, पाहून घ्या. विंचूकाट्याचे दिवस असतात.

थेंबे थेंबे तळे

आता फोटोचे सांगते. कॅमेरा आमचा नव्हे. धाकट्या भाऊजींचा लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय आहे, त्यांचा जुना कॅमेरा. त्याचे भिंग काढून ठेवायचे आणि एका धातूच्या कडीने तो दुर्बिणीच्या मागच्या तोंडाला जोडायचा, म्हणजे दुर्बीण हीच कॅमेऱ्याचे भिंग होते. पण एकदा तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू, मग कॅमेरा हाती लागायचा नाही. शिवाय तोवर चंद्रही मोठा झालेला असतो, आणि चांदण्यात देवयानी धुऊन निघते. म्हणून आमचे दिवस ठरलेले. अश्विन वद्य अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. तेव्हापासून अमावास्येपर्यंत संध्याकाळपासून काळोख आपलाच. ऐन लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची म्हणून सर्वांत काळी खरी, पण फटाक्यांचा धूर ती वाया घालवतो.

फोटोतली मुख्य अडचण म्हणजे आपली पृथ्वी. ती तासाला १५ अंश फिरते, म्हणून दुर्बिणीतून पाहताना तारे भरभर सरकताना दिसतात. दुर्बीण स्थिर ठेवून फोटो काढला तर एका सेकंदातच ताऱ्याचा ठिपका लांबट होऊन शेवयीसारखा दिसू लागतो. म्हणून ती फिरती बैठक. तिचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, मग तिच्यातली मोटार पृथ्वीच्या उलट दिशेला, तितक्याच वेगाने दुर्बीण फिरवीत राहते. ध्रुवतारा शोधायची सोपी युक्ती सांगते. तुमच्या गावाचे जितके अक्षांश, तितकेच अंश ध्रुव क्षितिजाच्या वर असतो. निरवांगीचे अक्षांश सुमारे १८. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे उत्तरेला क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवायच्या आणि त्याहून किंचित खाली पाहायचे. एवढ्या खाली असल्यामुळे अंगणातून आमचा ध्रुव उसाच्या शेंड्यांआड जातो, म्हणून गच्ची गाठावी लागते.

मोटारीला वीज हवी. आमच्याकडे शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रक घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असते, तिचा भरवसा कोण धरणार? फवारणीच्या पंपाची बारा व्होल्टची बॅटरी त्या कामी आली. दिवसा तिने कीटकनाशक फवारायचे, रात्री देवयानीची राखण करायची! तुम्ही अशी बॅटरी जोडणार असाल तर बैठकीला किती व्होल्ट चालतात ते आधी पाहा, आणि अधिक-उणे तारा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. वीज गेली की मात्र आम्हाला आनंदच. सारे गाव काळोखात बुडते आणि आकाश उजळते.

एक मिनिटाचा एक फोटो काढला की पडद्यावर काय दिसते? मधोमध पिवळसर गोळा, भोवती धुकट उजेड आणि सगळीकडे रव्यासारखी भरड कणी. एवढ्यावर निराश व्हायचे नाही. असे पुष्कळ फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. त्यासाठी फुकट मिळणाऱ्या प्रणाली आहेत. प्रत्येक फोटोत देवयानी त्याच जागी असते, पण ही कणी दर फोटोत निराळ्या जागी पडते. म्हणून फोटो रचून सरासरी काढली की खरे ते टिकते आणि खोटे ते विरते. हिशेबही सोपा आहे. चार फोटो रचले की कणी निम्मी होते, सोळा रचले की पाव, चौसष्ट रचले की एक अष्टमांश. आम्ही एकेक मिनिटाचे चौसष्ट फोटो घेतले.

शेवटी भिंगाचे झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काही काळे फोटो घ्यायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यांत उमटतात, ते नंतर वजा करता येतात. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, दुर्बीण-कॅमेऱ्याची जोडणी न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर स्वच्छ पांढरे धोतर ताणून बांधायचे आणि सारख्या उजेडाच्या आकाशाचे काही फोटो काढायचे. भिंगावरच्या धुळीचे डाग आणि कडेचा अंधार त्यामुळे दुरुस्त करता येतो.

चौसष्ट फोटो रचून झाले आणि पडद्यावर हळूहळू देवयानी उमटली. मधला भाग हळदीसारखा पिवळा, कारण तिथे म्हातारे तारे दाटीने राहतात. कडेला फिकी निळी झाक, तिथे नव्याने जन्मलेले तारे. मध्ये धुळीचे काळे पट्टे, आणि अंगाशी दोन चिमुकल्या दीर्घिका, लेकरे पदराला धरून उभी असावीत तशा. दुर्बिणीला डोळा लावून यातले जवळजवळ काहीच दिसत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. नाहीतर दुर्बीण घ्याल आणि पहिल्याच रात्री हिरमोड होईल. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, कॅमेरा साठवतो.

दुर्बिणीची निगा

या बाबतीत आपला हात कोण धरणार? चार गोष्टी लक्षात ठेवा.

नदीकाठच्या आणि बागायती गावांत रात्री अकरानंतर दंव पडते आणि भिंग धुकटते. त्यासाठी जाड फोमच्या चटईची वीतभर लांब गुंडाळी करून दुर्बिणीच्या तोंडापुढे टोपीसारखी बसवा. तरीही दंव धरलेच, तर पदराने मुळीच पुसू नका. भिंगावरचा नाजूक थर खरवडतो. दुर्बीण झाकून घरात आणा आणि आपोआप कोरडी होऊ द्या, मगच पेटीत ठेवा.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या वरचेवर बदला.

ऊस पेटवला असेल, किंवा गुऱ्हाळाचा धूर आपल्याकडे येत असेल, त्या रात्री दुर्बीण काढूच नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दिवसा दुर्बिणीवर झाकण हवेच. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर जरी पाहिले तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. घरात मुले असतील तर पेटीला कुलूप घाला.

जेऊरचा माळ

आकाशाचे फोटो घेण्याची ही विद्या आमच्या भागाला नवी आहे असे समजू नका. इंदापूरकडून भीमा ओलांडली की करमाळा तालुक्यात जेऊर लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन त्या माळावर उतरले होते. पुण्यातली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली ती त्यांनीच. तिथली वीस इंची दुर्बीण कित्येक वर्षे भारतातली सर्वांत मोठी होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही समुद्र ओलांडून जेऊरलाच आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी एलिझाबेथ होत्या. चाळीस फूट लांबीचा कॅमेरा त्यांनी माळावर उभारला. खग्रास स्थिती टिकली ती अवघी दोनेक मिनिटे. तेवढ्यात काचेच्या पट्ट्यांवर सूर्याचे तेजोवलय उतरवून घ्यायचे! मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगची साथ होती. त्या दिवसांत एक बाई नवऱ्याच्या कामात भागीदार म्हणून एवढ्या लांब येते, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

देवयानीच्या कामातल्या दोघी

आमच्या फोटोतल्या देवयानीची हकिगतही बायकांना वगळून सांगता येत नाही. १८८८ साली इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी तिचा फोटो घेतला आणि तिचा चक्राकार घाट पहिल्यांदा स्पष्ट झाला. पण ती आपल्याच आकाशगंगेतला एक ढग आहे की बाहेरची स्वतंत्र वस्ती, यावर वाद राहिला. कारण अंतर मोजता येत नव्हते.

त्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी दिली. हार्वर्ड वेधशाळेत दुर्बिणीवर पुरुष बसत आणि फोटोंच्या काचा तपासण्याचे किचकट काम बायका करीत. लेव्हिटबाईंना तासाला तीस सेंट मिळत. त्यांना ऐकूही कमी येई. काही तारे ठरावीक दिवसांनी मंद-तेजस्वी होतात. ज्याचा हा फेरा लांब, तो तारा मुळात अधिक तेजस्वी, असा नियम त्यांनी १९१२ साली मांडला. दिवा किती वॅटचा आहे ते ठाऊक असले की तो किती मिणमिणता दिसतो यावरून अंतर काढता येते, तसेच हे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीत असाच एक तारा सापडला. लेव्हिटबाईंच्या नियमाने हिशेब केला आणि ठरले, ती आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे. त्यांचे उत्तर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे होते, पुढे ते २५ लाखांवर गेले. पण हे पाहायला लेव्हिटबाई नव्हत्या. त्या १९२१ सालीच वारल्या होत्या.

दुसऱ्या व्हेरा रुबिन. चार मुलांची आई. पालोमार वेधशाळेत बायकांना काम करू देत नसत. 'इथे बायकांसाठी स्वच्छतागृह नाही' हे त्याचे एक कारण सांगत! १९६५ साली रुबिनबाईंना रीतसर परवानगी मिळाली. तेव्हा त्यांनी कागदाचा एक छोटा घागरा कातरला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवून टाकला. झाले बायकांचे स्वच्छतागृह! १९७० साली त्यांनी आणि केंट फोर्ड यांनी देवयानीचा वेग मोजला. मधल्या भागापासून दूर गेले की तारे-वायू सावकाश फिरायला हवेत, पण कडेचेही तितक्याच वेगाने फिरत होते. मग त्यांना धरून ठेवणारे काहीतरी न दिसणारे, पण भलतेच वजनदार तिथे असले पाहिजे. आज जिला 'कृष्णद्रव्य' म्हणतात त्या कोड्याला या मोजमापाने मोठे बळ दिले. चिलीतल्या नव्या वेधशाळेला आता रुबिनबाईंचेच नाव आहे. २०२५ साली तिथले पहिले फोटो जगाने पाहिले.

"पण उपयोग काय?"

हा प्रश्न मला आतापर्यंत कितीतरी जणींनी विचारला. सासूबाईंनी मात्र निराळाच विचारला. "नववीतल्या पोरीला रात्री अकरा वाजता गच्चीवर कशाला नेतेस?" त्यांचे अगदीच चूक होते असे नाही. गावात चार तोंडे चार गोष्टी बोलतात. मी म्हटले, "आई, तुम्हीच चला ना वर." गुडघे दुखत असतानाही त्या गोधडी घेऊन आल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिकांडं उगवलं की आम्ही दारं धरायला निघायचो. घड्याळ कुठं होतं?" मग बाज, तिचे चोर, पहाटेची चांदणी, सारे त्यांनी नातीला दाखवले. दळणाला उठायचे, पाण्याची पाळी साधायची, ते सगळे आकाश पाहून. रात्रीचे आकाश आपल्या सासवा-आज्यांना पाठ होते. आपण घरात दिवे लावले, दारे लावून घेतली, आणि ते मात्र हातचे सुटले.

आता आमच्या घरी फोटोंची वही मुलगी ठेवते. दुधाच्या वहीसारखी रोजची नोंद, किती वाजता कितवा फोटो, ढग आले का, दंव पडले का. बैठक ध्रुवाला तीच जुळवते. पाहुणे आले की विचारतात, "दुर्बीण मुलाची का?" मुलगा आहे, पण दहाला झोपतो!

म्हणून एवढेच सांगते. घरात दुर्बीण आली, किंवा सायकल आली, किंवा संगणक आला, तर ती वस्तू आपोआप मुलाच्या नावावर जाते, इकडे लक्ष ठेवा. आणि 'मला काय त्यातलं कळतंय' असे म्हणून स्वतःही बाजूला होऊ नका. चिकाटी, टापटीप, वाट पाहणे आणि थेंबाथेंबाने साठवणे, या कामाला एवढेच लागते. यातले आपल्याला कुणी नव्याने शिकवायची गरज आहे का? शिकायला आधार हवा असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींसाठीच काम करते आहे. पण दुर्बिणीची घाई नको. येत्या दिवाळीआधीच्या एखाद्या काळोख्या रात्री, स्वयंपाकघर आवरले की लेकीला हाताशी धरा, सासूबाईंना आवाज द्या, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी तो पुसट डाग शोधून काढा.